कृष्णेच्या पुराचा हिशेब एका शास्त्राला झेपणारा नाही

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी 40 फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागले आणि कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने 39 फूट गाठले, की दक्षिण महाराष्ट्रात एकच प्रश्न विचारला जाऊ लागतो: कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून विसर्ग किती चालू आहे? ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर आणि राजाराम बंधाऱ्यावर 55 फुटांच्या वर गेले, पुणे–बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ अनेक दिवस बंद पडला, ब्रह्मनाळला बचावकार्यातली नाव उलटून माणसे बुडाली. तेव्हापासून हा प्रश्न पावसाळ्यापुरता उरलेला नाही. एका पक्षाचे म्हणणे असे, की अलमट्टीचा आणि त्याच्या वरच्या अंगाला असलेल्या हिप्परगी बंधाऱ्याचा फुगवटा, म्हणजे अडवल्यामुळे मागे तुंबलेले पाणी, सांगली-शिरोळपर्यंत पाण्याची वाट अडवतो. दुसरा पक्ष सांगतो, की नदीमार्गाने दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या धरणाचा परिणाम इथवर पोचणे शक्य नाही, आणि दोष घाटमाथ्यावरच्या पावसाचा व पूरक्षेत्रातल्या बांधकामांचा आहे. दोन्ही पक्षांकडे आकडे आहेत, आलेख आहेत आणि निवृत्त अभियंतेही आहेत.

2019 च्या पुरानंतर राज्य शासनाने नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने अतिवृष्टी आणि अतिक्रमणे यांवर भर दिला व अलमट्टीला पुराचे कारण मानले नाही. तो निष्कर्ष पूरग्रस्त भागातल्या अनेकांना पटला नाही. दरम्यान 2021 च्या जुलैत पुन्हा महापूर आला. कृष्णा पाणीतंटा लवादाने 2010 च्या निवाड्यात अलमट्टीची पाणीपातळी 519.6 मीटरवरून 524.256 मीटरपर्यंत नेण्यास मुभा दिलेली आहे, महाराष्ट्राचा त्या उंचीवाढीला विरोध आहे, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आहे. म्हणजे प्रश्न अजून खुला आहे आणि त्याच्या उत्तरावर लाखो लोकांची घरेदारे अवलंबून आहेत. अशा वेळी मला खटकते ती त्याची मांडणी. ‘फुगवटा पोचतो की पोचत नाही’ हा प्रश्न वरवर पाहता निव्वळ जलगतिशास्त्राचा दिसतो आणि म्हणून तो अभियंत्यांकडे सोपवून बाकीच्यांनी निकालाची वाट पाहावी, असे आपण धरून चाललो आहोत. माझे म्हणणे असे, की हा प्रश्न जलगतिशास्त्राच्या चौकटीत नीट विचारताही येत नाही, मग सुटण्याची गोष्ट दूरच राहिली.

फुगवट्याचेच उदाहरण घेऊ. धरणातल्या साठ्याची पातळी आणि नदीच्या पात्राची उंची यांची तुलना करून आडवी रेषा ओढली की काम झाले, असे मानणारे आता फारसे कोणी नाही. वाहत्या पाण्याला उतार असतो आणि साठ्याचा परिणाम त्या उतारावर, रेषेच्याही पलीकडे काही अंतर होतो, हे सर्वांना मान्य आहे. ते अंतर किती, हे गणिती प्रतिमानाने (मॉडेलने) काढतात. त्या प्रतिमानाला पात्राचे आडवे छेद, म्हणजे ठिकठिकाणची रुंदी-खोली, लागतात. पण पात्र स्थिर नसते. वाहते पाणी साठ्याच्या मागच्या टोकाशी मंदावते आणि आपल्याबरोबर आणलेला गाळ तिथेच टाकते. हा गाळ वर्षानुवर्षे साचत वरच्या दिशेला सरकतो आणि पात्राचा तळ उचलतो. अलमट्टीत या शतकाच्या आरंभापासून पाणी साठते आहे, म्हणजे गाळ साचण्याला दोन दशकांहून अधिक काळ मिळालेला आहे. तेव्हा जुन्या छेदांवर चालवलेले प्रतिमान कितीही अचूक असले, तरी ते आजच्या नदीचे नसते. गाळ किती येतो हे पुन्हा सह्याद्रीतल्या जमीनवापरावर, वाळूउपशावर आणि वरच्या धरणांनी किती गाळ अडवला यावर ठरते. इथे भूरूपशास्त्रज्ञ आणि मृदाशास्त्रज्ञ लागतात.

त्याच प्रतिमानात आणखी एक राशी असते. पाणी ज्या पृष्ठभागावरून वाहते त्याचा खडबडीतपणा किती, हे सांगणारा तो एक गुणक. पूर पात्राबाहेर पडला की हा गुणक पात्राच्या दगडमातीचा राहत नाही, तो पिकाचा होतो. कृष्णा, वारणा आणि पंचगंगेच्या काठी मळईच्या जमिनीत अगदी पाण्यापर्यंत ऊस उभा असतो, आणि ऑगस्टमध्ये मागल्या वर्षीचा आडसाली ऊस पुरुषभर उंचीच्याही वर गेलेला असतो. दाट उसातून पाणी ज्या गतीने पुढे सरकते आणि मोकळ्या कुरणातून ज्या गतीने सरकते, त्यांत मोठा फरक आहे. हा गुणक प्रतिमान चालवणारा बहुधा तक्त्यातून उचलतो. तो तक्त्यातला आकडा खरे तर पंचवीस-तीस वर्षांच्या पीकपद्धतीचा, उपसा सिंचन योजनांचा, साखर कारखान्यांच्या गाळप क्षमतेचा आणि उसाला मिळणाऱ्या दराचा सारांश असतो. कृषिशास्त्र आणि अर्थशास्त्र अशा रीतीने अभियंत्याच्या समीकरणात आधीच येऊन बसलेले आहेत, फक्त त्यांना कोणी नावाने ओळखत नाही.

आता पाणी येते कुठून ते पाहू. महाबळेश्वरला वर्षाला 5,500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तिथून सुमारे दीडशे किलोमीटरवरच्या सांगलीत जेमतेम 600. म्हणजे सांगलीचा पूर सांगलीत पडतच नाही, तो नवजा, महाबळेश्वर, चांदोली, गगनबावडा, राधानगरीच्या डोंगरांत पडतो आणि वेगवेगळ्या वाटांनी खाली येतो. कोयना कऱ्हाडला कृष्णेला समोरासमोर येऊन भिडते, वारणा हरिपूरला मिळते. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांची मिळून झालेली पंचगंगा नृसिंहवाडीला येते, आणि दूधगंगा-वेदगंगेचे पाणी आणखी पुढे. या उपनद्यांचे कमाल विसर्ग एकामागून एक आले तर पात्र ते पोटात घेते, आणि एकाच वेळी आले तर घेत नाही. नृसिंहवाडीशी कृष्णा आधीच तुंबलेली असेल तर पंचगंगेचे पाणी मागे रेटले जाते, हे शिरोळ तालुक्यातल्या कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक आहे. तेव्हा एकूण पाऊस किती यापेक्षा तो कोणत्या खोऱ्यात कोणत्या क्रमाने पडला, हे अधिक महत्त्वाचे ठरते. हा प्रश्न हवामानशास्त्राचा आहे, आणि त्यातही घाटमाथ्याच्या चिंचोळ्या पट्ट्यातल्या पावसाचा, जिथे एका डोंगरधारेच्या अलीकडे आणि पलीकडे आकडे निम्म्याने बदलतात.

धरणचालकाचा कस इथे लागतो. एक लाख क्युसेकने (म्हणजे सेकंदाला एक लाख घनफूट) दिवसभर पाणी वाहिले तर साधारण 8.6 टीएमसी (अब्ज घनफूट) होते, हा साधा गुणाकार. ऑगस्ट 2019 मध्ये अलमट्टीतून पाच लाख क्युसेकच्या वर विसर्ग चालू होता, म्हणजे दिवसाला 43 टीएमसीहून अधिक. अलमट्टीची साठवण सुमारे 123 टीएमसी आहे. त्या गतीने ते रिकामे धरणही तीन दिवसांच्या आत भरले असते. कोयनेची साठवण 105 टीएमसी, वारणेची 34. एवढ्या मोठ्या येव्यापुढे, म्हणजे आत येणाऱ्या पाण्यापुढे, धरणातली मोकळी जागा काही तास किंवा फार तर एक-दोन दिवस विकत घेऊन देते, आणि त्या एक-दोन दिवसांवर सगळे अवलंबून असते. पण ती जागा मोकळी ठेवायची तर जुलैअखेर पाणी सोडून द्यावे लागते, आणि नंतर पाऊस दडी मारून बसला तर उन्हाळ्यात वीज, शेती आणि पिण्याचे पाणी यांची ओढाताण होते. कोयनेचे पाणी तर लवादाने घालून दिलेल्या मर्यादेत, वर्षाला 67.5 टीएमसीपर्यंत, पश्चिमेला वीजनिर्मितीसाठी वळवले जाऊन वाशिष्ठीतून समुद्राला मिळते. म्हणजे सांगलीच्या पुराचा आणि मुंबईच्या विजेचा हिशेब एकाच जलाशयाच्या परिचालन सूचीत, म्हणजे पाणी केव्हा किती साठवायचे-सोडायचे याच्या तक्त्यात, मांडावा लागतो. पाच दिवसांच्या अंदाजावर किती विश्वास ठेवायचा, चुकलो तर कोणते नुकसान पत्करायचे, हा निर्णय संभाव्यतेचा आणि अर्थकारणाचा आहे. तो आज बहुतेक वेळा कार्यकारी अभियंत्याच्या खांद्यावर, रात्री दोन वाजता, फोनवरून घेतला जातो, आणि पुढे चौकशी समिती त्याला दिवसाउजेडी जाब विचारते. राधानगरीच्या स्वयंचलित दरवाजांना तरी कोणी जाब विचारत नाही.

शास्त्रांनी आपापल्या खोल्यांत बसून काम केले की काय घडते, याचा धडा याच खोऱ्याने पूर्वी एकदा दिलेला आहे. 1967 च्या 11 डिसेंबरला पहाटे कोयनेला 6.3 तीव्रतेचा भूकंप झाला आणि सुमारे 180 माणसे दगावली. तोपर्यंत दख्खनचे पठार म्हणजे भूकंपाच्या दृष्टीने स्वस्थ प्रदेश, अशी सर्वसाधारण समजूत होती. धरण बांधताना खडक किती भार पेलेल, पाया किती झिरपेल, याची चौकशी झालेली होती. साठलेल्या पाण्याचा दाब खडकाच्या भेगांत उतरून आधीच ताणलेल्या प्रस्तरभंगाला सरकवू शकेल काय, हा प्रश्न कोणाच्याच वाट्याला नव्हता. तो स्थापत्य अभियंत्याचा नव्हता कारण तो खोल भूगर्भातला होता, आणि भूकंपशास्त्रज्ञाचा नव्हता कारण तो धरणाचा होता. कोयना धरणाचा शिवाजीसागर जलाशय भरू लागल्यानंतर परिसरात लहान धक्के जाणवू लागले होते, ते पाहूनही धोक्याचा अंदाज बांधण्याची रीत तेव्हा नव्हती.

त्यानंतर जे घडले ते मात्र या देशातल्या संयुक्त संशोधनाचे फार चांगले उदाहरण आहे, आणि आपण ते पुरेसे सांगत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेतल्या हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दशकानुदशके जलाशयाच्या पातळीच्या नोंदी आणि भूकंपांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. जलाशय किती वेगाने भरतो, कमाल पातळी किती होते आणि ती किती काळ टिकते, यांचा धक्क्यांशी संबंध असल्याचे त्यातून दिसले. 1985 पासून वारणेचे धरण भरू लागले, तशी काही वर्षांनी धक्क्यांची जागाही दक्षिणेकडे वारणेच्या बाजूला पसरली. आज कऱ्हाडला या विषयासाठी केंद्र सरकारची स्वतंत्र प्रयोगशाळा आहे आणि कोयना परिसरात सुमारे तीन किलोमीटर खोल छिद्र पाडून खडकाचे तापमान, दाब आणि भेगा यांचा अभ्यास झालेला आहे. पाटबंधारे खात्याने रोजच्या रोज लिहिलेली पाण्याची पातळी हा इथे भूकंपशास्त्राचा कच्चा माल ठरला. ज्या कारकुनाने ती पातळी वर्षानुवर्षे नोंदवहीत लिहिली, त्याला आपण भूकंपशास्त्राची सेवा करतो आहोत याची कल्पनाही नसेल. प्रश्न एवढाच, की हे जोडकाम करायला आधी माणसे मरावी का लागतात?

पुराच्या बाबतीत आपण अजून 1967 च्या आधीच्या काळात आहोत. पूररेषांचेच पाहा. महाराष्ट्रात निळी पूररेषा सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराला आणि लाल पूररेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराला धरून आखतात. सामान्य माणूस ‘25 वर्षांतून एकदा’ याचा अर्थ एकदा येऊन गेला की पुढे पाव शतक निवांत, असा घेतो, आणि बांधकामाचा परवाना देणाऱ्यांनाही तो अर्थ सोयीचा वाटतो. खरा अर्थ दरवर्षी 4 टक्के शक्यता असा आहे. 20 वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत निळ्या रेषेपर्यंत एकदा तरी पाणी येण्याची शक्यता त्या हिशेबाने 56 टक्के भरते. हे गणित कर्ज देणाऱ्या बँकेने घेणाऱ्याला सांगायला हवे होते.

पण त्याहून खोल अडचण अशी, की 100 वर्षांचा पूर ठरवायला पद्धतशीर विसर्गमापनाच्या नोंदी जेमतेम काही दशकांच्या आहेत. उरलेले सांख्यिकी सूत्राने पुढे ताणलेले असते. आणि ते सूत्र गृहीत धरते, की पावसाचा स्वभाव बदललेला नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 1950 ते 2015 या काळात मध्य भारताच्या पट्ट्यातल्या व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे आणि त्यामागे अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाचा हात असल्याचे दाखवले. 2005, 2019 आणि 2021 असे तीन महापूर सतरा वर्षांच्या आत पाहिलेल्या सांगली-कोल्हापूरकरांना हे निराळे सांगण्याची गरज नाही. पूररेषा आखणाऱ्या कार्यालयात मात्र सूत्र तेच आहे.

नोंदी मागे नेण्याचा एक मार्ग आहे आणि त्यातले जाणकार महाराष्ट्रातच तयार झाले. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागात हसमुख सांकलियांच्या काळापासून उत्खननाच्या जोडीला भूशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र बसवण्याची परंपरा आहे. घोड नदीकाठच्या इनामगावच्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची घरे, धान्य, जनावरांची हाडे, दफने आणि पाण्याची व्यवस्था यांचा एकत्र अभ्यास झाला, त्यामुळे तिथल्या वस्तीचा चढउतार हवामानाशी जोडून वाचण्याचा प्रयत्न करता आला. त्याच परंपरेतले शरद राजगुरू आणि पुणे विद्यापीठाच्या भूगोल विभागातले विश्वास काळे यांनी वायव्य दख्खनमधल्या नद्यांच्या गाळाच्या थरांवरून त्या नद्यांचा हजारो वर्षांचा इतिहास मांडला. त्यांचा तो निबंध 1987 मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आला. हिमयुगाच्या कोरड्या काळात पाऊस दुबळा असताना या नद्या गाळाने पात्रे भरत होत्या, आणि पुढे मोसमी पाऊस बळावल्यावर त्यांनी तोच गाळ कापून खाली उतरायला सुरुवात केली, हे त्यातले मुख्य सूत्र. पुढे काळे आणि त्यांच्या देशी-परदेशी सहकाऱ्यांनी नर्मदेच्या खोऱ्यात प्राचीन महापुरांचा माग काढला. घळईत मोठा पूर आला की उपनद्यांच्या मुखाशी आणि कडेच्या खोबणींत पाणी क्षणभर स्थिरावते आणि बारीक वाळू व पोयटा मागे ठेवून जाते. असे थर मोजून, त्यांतल्या सेंद्रिय अवशेषांचे कालमापन करून, यंत्रांच्या नोंदी सुरू होण्याच्या कित्येक शतके आधीचे पूर ओळखता येतात.

सांगलीजवळची कृष्णा घळईतून वाहत नाही, त्यामुळे ही रीत जशीच्या तशी तिथे लागू होणार नाही. पण नागमोडी वळणांच्या त्या पट्ट्यात नदीने सोडून दिलेल्या जुन्या वाटा आहेत, मळईचे जाड थर आहेत, विटांच्या भट्ट्यांसाठी खणलेल्या खड्ड्यांच्या भिंतींत ते थर उघडे पडलेले दिसतात. भट्टीवाला माती उचलतो तेव्हा पुराचे दफ्तरही उचलतो. माणसांनी ठेवलेल्या नोंदीही कमी नाहीत. नृसिंहवाडीला कृष्णेचे पाणी दत्तमंदिरात शिरून पादुकांवरून वाहत दक्षिण दाराने बाहेर पडते, तो दक्षिणद्वार सोहळा म्हणजे एका ठरावीक पातळीची खूण आहे आणि तो कोणत्या तिथीला झाला हे लोक लक्षात ठेवतात. घाटाच्या पायऱ्या, जुन्या वाड्यांच्या भिंतींवरच्या रेघा, संस्थानी दप्तरे यांतून इतिहासाच्या अभ्यासकाला पूरपातळ्या शोधता येतील. या आकड्यांना अभियंत्याने पुरावा मानायचे की आख्यायिका, याचे नियम मात्र दोघांनी एकत्र बसून ठरवावे लागतील.

पूर ओसरला की नदीही संपली, असे आपले वागणे असते. त्याच पंचगंगेची मार्च-एप्रिलमधली अवस्था वेगळ्या खात्याकडे, वेगळ्या बातमीदाराकडे आणि वेगळ्या शास्त्राकडे जाते. कोल्हापूर पद्धतीचे बंधारे हा या भागाने देशाला दिलेला उत्तम स्थापत्यविचार आहे, यात शंका नाही. पावसाळ्यात बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) काढून नदी मोकळी करायची आणि नंतर ते घालून पाणी अडवायचे. पण ओळीने घातलेल्या बंधाऱ्यांमुळे उन्हाळ्यात नदी वाहायची थांबते आणि संथ डोहांची माळ बनते. त्यात शहरांचे सांडपाणी, प्रक्रिया उद्योगांचे रंगीत पाणी आणि मळी मिसळली की विरघळलेला प्राणवायू संपतो, जलपर्णी माजते आणि तेरवाड बंधाऱ्याशी मेलेल्या माशांचा खच पडतो. 2012 मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ येऊन माणसे दगावली, तेव्हा चर्चा जलवाहिन्यांच्या गळतीची आणि सांडपाण्याची झाली, ती योग्यच होती. पण नदीत प्रवाह किती उरला होता, त्या प्रवाहात घाण सौम्य करण्याची किती शक्ती होती, हा जलशास्त्राचा प्रश्न साथरोगतज्ज्ञांच्या बैठकीत कोणी मांडायचा? बेसाल्टच्या भेगांतून झिरपणारे भूजलच उन्हाळ्यात नदीला पाणी पुरवते, आणि ते आपण विहिरी-बोअरने आधीच उपसलेले असते. भूजलाचा कायदा वेगळा, नदीचा वेगळा आणि प्रदूषणाचा तिसराच. मासा या तिन्ही कायद्यांत एकाच वेळी पोहत असतो.

खात्यांची ही विभागणी अगदी वरपर्यंत गेलेली आहे. केंद्रीय जल आयोग 1945 चा आणि केंद्रीय भूजल मंडळ 1970 चे. एक जमिनीवरचे पाणी पाहतो, दुसरे खालचे. 2016 मध्ये मिहिर शाह समितीने या दोन्ही संस्था विसर्जित करून एकच राष्ट्रीय जल आयोग स्थापावा आणि त्यात नदी-परिसंस्था, कृषी, समाजशास्त्र, अर्थशास्त्र यांच्या जाणकारांना अभियंत्यांच्या बरोबरीचे स्थान द्यावे, अशी शिफारस केली. जल आयोगातून तिला जोरदार विरोध झाला आणि अहवाल बाजूला पडला. महाराष्ट्रात माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या जल व सिंचन आयोगाने 1999 मध्येच राज्याची 25 उपखोऱ्यांत विभागणी करून प्रत्येक उपखोऱ्याचा स्वतंत्र विचार मांडला होता. चितळे स्वतः अभियंते, त्यामुळे हा विचार अभियांत्रिकीच्या बाहेरून लादलेला होता असेही कोणी म्हणू शकत नाही.

आणि संस्था नाहीत असे तर मुळीच नाही. एकट्या पुण्यात खडकवासल्याला 1916 पासूनचे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे, पाषाणला मौसमविज्ञान संस्था, शिवाजीनगरला हवामान खाते, आकुर्डीला भारतीय प्राणिसर्वेक्षणाचे केंद्र, येरवड्याला डेक्कन कॉलेज. शिवाय राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा आणि कृष्णा खोरे विकास महामंडळ. मुठेचे पाणी भीमेतून अखेर कृष्णेलाच मिळते, म्हणजे या सगळ्या संस्था कृष्णा खोऱ्यातच आहेत. अडथळा अंतराचा नसून सवयीचा आहे: आकडे आपल्या कपाटात ठेवण्याच्या सवयीचा, आणि दुसऱ्याचे शास्त्र आपल्या अहवालाला परिशिष्ट म्हणून जोडण्याच्या सवयीचा.

ही परिशिष्टांची गोष्ट जरा स्पष्ट करायला हवी, कारण ‘आंतरविद्याशाखीय’ हा शब्द आता अनुदानाच्या प्रत्येक अर्जात असतो. सहा तज्ज्ञांनी सहा प्रकरणे लिहिली आणि ती एका पुठ्ठ्यात बांधली, म्हणजे शास्त्रे एकत्र आली असे होत नाही. त्यातल्या माशांच्या प्रकरणाने धरणाच्या दरवाजांच्या वेळापत्रकात एक आकडासुद्धा बदलत नसेल, तर ते प्रकरण शोभेचे आहे. आपल्याकडे पुरावरचे चर्चासत्र नेदरलँड्सचा उल्लेख केल्याशिवाय संपत नाही. नदीला जागा देण्याच्या तिथल्या योजनेची छायाचित्रे सगळ्यांनी पाहिलेली असतात. त्या योजनेत बांध मागे घेण्याची जागा ठरवतानाच स्थापत्य, परिसंस्था आणि शेतकऱ्यांचे पुनर्वसन हे तिन्ही विचार एका टेबलावर होते, हा भाग मात्र छायाचित्रांत येत नाही.

अभियंत्यांचा या सगळ्यावरचा आक्षेप मला गैर वाटत नाही. ते म्हणतात, येवा वाढत असताना निर्णय तासाभरात घ्यावा लागतो. तेव्हा परिसंस्थेचा अभ्यासक आणि इतिहासकार यांची परिषद भरवायची काय? तर नाही. दरवाजा उघडण्याचा अधिकार एकाच्याच हाती हवा. परंतु त्याच्या हाती जी परिचालन सूची असते, ती मे महिन्यात तयार होते, आणि मे महिन्यात परिषद भरवायला कोणाची हरकत असावी? पावसाच्या अंदाजातली अनिश्चितता किती धरायची, उपनद्यांचे कमाल विसर्ग एकमेकांशी टकरू नयेत म्हणून कोणत्या धरणाने किती तास थांबायचे, कोणत्या गावाला किती पाण्याला हलवायचे, आणि आधी सोडून दिलेल्या पाण्याची किंमत कोणी भरायची, हे सगळे शांतपणे ठरवता येण्यासारखे आहे. दुसरा आक्षेप असा, की अनेक शास्त्रे आली की उत्तर कधीच ठाम मिळत नाही. ते काही अंशी खरे आहे. पण फुगवट्याच्या प्रश्नावर एका शास्त्राने दिलेली ठाम उत्तरे दोन आहेत आणि ती परस्परविरुद्ध आहेत, हेही विसरून चालणार नाही.

म्हणून पुढच्या महापुरानंतर आणखी एक समिती नेमण्याऐवजी वरच्या कृष्णा खोऱ्यासाठी एक कायमस्वरूपी संशोधनगट असावा, असे मला वाटते. त्यात दोन्ही राज्यांची माणसे असावीत, कारण शिरोळ तालुक्यातल्या राजापूरच्या खाली नदीला सीमा कळत नाही. त्याने दर मे महिन्यात आपले भाकीत लेखी प्रसिद्ध करावे, म्हणजे अमुक इतका पाऊस अमुक खोऱ्यांत पडला तर आयर्विन पुलाजवळ, राजाराम बंधाऱ्यावर आणि नृसिंहवाडीला पाणी कुठवर येईल, आणि अलमट्टीची पातळी 519.6 वर, 517 वर किंवा 524.256 वर असेल तर त्यात किती फरक पडेल. ऑक्टोबरमध्ये प्रत्यक्ष पातळ्या शेजारी ठेवून, कुठे आणि का चुकले तेही लिहावे. चार-पाच पावसाळ्यांत कोणाचे प्रतिमान नदीला ओळखते हे लोकांना दिसेल, आणि न्यायालयालाही दोन वकिलांच्या आकड्यांतून निवड करावी लागणार नाही. अलमट्टीच्या उंचीचा निर्णय त्याआधी कोणी घेऊ नये.

सुरुवात त्याहून लहान कामापासूनही होऊ शकते. कऱ्हाडपासून हिप्परगीपर्यंत नदीच्या पात्राचे आणि दोन्ही काठांच्या पूरक्षेत्राचे छेद दरवर्षी पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर त्याच जागी मोजावेत, त्या प्रत्येक जागी तळाचा गाळ, काठावरचे पीक, पाण्यातला प्राणवायू आणि जवळच्या विहिरीची पातळी यांची नोंद त्याच दिवशी घ्यावी, आणि हे सगळे आकडे महिन्याच्या आत दोन्ही राज्यांनी कोणालाही उतरवून घेता येतील असे खुले करावेत. त्यासाठी न्यायालयाच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही, नवी संस्था उभारावी लागत नाही, आणि खर्च एखाद्या संरक्षक भिंतीच्या काही मीटरांएवढाही येणार नाही.